मलमार्गातील रक्तस्राव, अंकुर व बृहदांत्राचा कर्करोग : कर्करोगपूर्व अवस्थांचा अभ्यास

मलप्रवृत्तीसमवेत रक्त पडण्याची तक्रार घेऊन येणारा रुग्ण आपणांपैकी प्रत्येकाच्या चिकित्सालयात आठवड्यातून एकदा तरी येतोच. बागलाण, देवळा, कळवण या पट्ट्यात तर असा रुग्ण सर्वप्रथम वैद्याकडेच येतो, किंवा त्याहीपूर्वी औषधी दुकानाच्या फळीवर उभा राहून ‘मूळव्याधीचे काहीतरी द्या’ असे म्हणतो. बहुसंख्य रुग्णांत निदान रक्तार्श किंवा परिकर्तिका असेच ठरते व ते बरोबरही असते. परंतु थोड्या रुग्णांत त्या रक्तामागे निराळाच व्याधी असतो. हा व्याधी एका दिवसात उत्पन्न होत नाही. त्याला बहुधा दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो, आणि या दीर्घ काळात तो ओळखून समूळ काढून टाकण्याची संधी वैद्यकाला उपलब्ध असते. बृहदांत्र व मलाशय यांचा कर्करोग कर्करोगपूर्व अवस्थांतून कसा घडत जातो, आणि त्या क्रमात आपले स्थान कोणते, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विषयप्रवेशापूर्वी स्वतःच्या चिकित्सालयातील एक प्रसंग नमूद करणे आवश्यक वाटते. हा लेख लिहिण्यास तोच कारण झाला.

काही वर्षांपूर्वी चाळिशीतील एक शेतकरी देवमामलेदार यशवंतराव महाराजांच्या यात्रेच्या दिवसांत माझ्याकडे आला. मलाबरोबर ताजे रक्त, वेदना नाही, मधूनमधून मलावष्टंभ, एवढाच इतिहास होता. प्रॉक्टोस्कोप घालताच अर्श दिसले व मी यंत्र बाहेर काढले. कांकायन वटी, अभयारिष्ट, बोलबद्ध रस व लोण्यासोबत नागकेशर अशी योजना केली. रक्त थांबले. दोन महिन्यांनी पुन्हा सुरू झाले, पुन्हा तीच औषधे, पुन्हा उपशय. मध्यंतरी हिमोग्लोबिन आठच्या आसपास आले, तेव्हा रक्तस्रावजन्य पांडू समजून नवायस लोह सुरू केले. सातव्या महिन्यात रुग्ण म्हणाला, “वैद्यराज, शौचाला जाऊन आलो तरी पुन्हा जावेसे वाटते, आणि पडते ती नुसती शेंब.” त्या दिवशी मी प्रथमच शांतपणे अंगुलीपरीक्षण केले. सुमारे सहा-सात सेंटिमीटर वर, मागील भित्तीवर, कठीण कडा असलेला व्रण बोटास लागला. पुढे जीवोतिपरीक्षणात मलाशयाचा कर्करोग निश्चित झाला आणि शस्त्रकर्माच्या वेळी लसग्रंथींपर्यंत प्रसार झालेला आढळला.

माझे निदान चुकले होते असे म्हणता येत नाही, कारण अर्श होतेच. चूक अशी की अर्श सापडताच शोध थांबला. अर्श हा इतका सार्वत्रिक व्याधी आहे की मलाशयाचा कर्करोग असलेल्या अनेक रुग्णांत तो सहजच सोबत आढळतो. अर्श असणे हा कर्करोग नसल्याचा पुरावा होऊ शकत नाही. ही गोष्ट मला पाठ्यपुस्तकातून ठाऊक होती. तरीही सात महिने गेले.

व्याधीचे प्रमाण

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार जगात या कर्करोगाचे सुमारे १९ लाख नवे रुग्ण त्या एका वर्षात आढळले व सुमारे ९ लाख मृत्यू झाले. रुग्णसंख्येत त्याचा क्रमांक तिसरा लागतो. भारतात त्याच वर्षी सुमारे ७० हजार नवे रुग्ण धरले गेले. लोकसंख्येच्या मानाने हे प्रमाण युरोप वा ऑस्ट्रेलियाच्या कितीतरी खाली आहे, आणि ‘हा आपल्याकडचा रोग नव्हे’ असा समज त्यातूनच रुजला.

या बाबतीत आपल्या राज्याकडे दोन उत्तम आरसे आहेत. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ साली सुरू झाली. लोकसंख्येवर आधारित अशी ती देशातील पहिली. दुसरी सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील ग्रामीण नोंदणी, १९८७ सालची. बार्शी, परांडा व भूम तालुक्यांतील ३४६ गावे तिने घेतली आणि ग्रामीण भारतातील कर्करोगाचे पहिले विश्वसनीय चित्र समोर आले. बृहदांत्राच्या कर्करोगाचे प्रमाण बार्शीत मुंबईहून कमी आढळले. प्रकृती तीच, भाषा तीच. भेद आहार-विहाराचा, वयोमानाचा व काही अंशी निदानाच्या सोयींचा. जपानमधून हवाई बेटांवर स्थलांतरित झालेल्या कुटुंबांचा अभ्यास १९६० च्या दशकात झाला. तेथेही मायदेशी अल्प असलेला हा कर्करोग नव्या भूमीत झपाट्याने वाढलेला दिसला. म्हणजे कमी प्रमाण ही कोणा समाजाची कायमची मिळकत नव्हे. सटाण्याच्या आजच्या बाजारपेठेकडे पाहिले, बेकरीचे पदार्थ, मद्य, तंबाखू व बैठे काम यांची वाढ पाहिली, म्हणजे बार्शीच्या त्या जुन्या आकड्यांवर आपण किती काळ विसंबावे असा प्रश्न पडतो.

आणखी एक गोष्ट अधिक चिंतनीय आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील ८०० रुग्णांचा आढावा २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातील रुग्णांचे सरासरी वय ४७ वर्षांच्या आसपास होते. पाश्चात्य देशांत हा मुख्यत्वे साठीनंतरचा व्याधी मानला जातो. याच आढाव्यात सुमारे ४२ टक्के अर्बुदे मलाशयात होती, आणि ‘सिग्नेट रिंग’ नावाचा विशेष घातक पेशीप्रकार सुमारे १३ टक्के रुग्णांत आढळला, जो इतरत्र क्वचित असतो. सर्वाधिक आढळलेले लक्षण मलमार्गाने रक्त पडणे हेच होते. तात्पर्य, ‘वय लहान आहे, कर्करोग नसावा’ हा तर्क आपल्या रुग्णांस लागू करता येत नाही.

संप्राप्ती : निरोगी श्लेष्मल त्वचेपासून कर्करोगापर्यंत

बृहदांत्राच्या आतील श्लेष्मल त्वचेत असंख्य सूक्ष्म नलिकाकार खळगे असतात. प्रत्येक खळग्याच्या तळाशी मूलपेशी असतात. त्यांच्यापासून नव्या पेशी उत्पन्न होतात, त्या खळग्याच्या भित्तीवरून वर सरकतात, वर येता येता परिपक्व होतात, आणि शिखरावर पोचून गळून पडतात. हे चक्र साधारण तीन ते पाच दिवसांचे. शरीरात इतक्या वेगाने नूतनीकरण होणारी स्थाने थोडीच आहेत. जेथे विभाजन अधिक तेथे विभाजनातील दोषाचा संभवही अधिक.

पेशीने केव्हा वाढावे व केव्हा थांबावे हे ठरविणाऱ्या जनुकांपैकी ‘एपीसी’ नावाचे जनुक बृहदांत्रात द्वारपालाचे काम करते. हे जनुक पाचव्या गुणसूत्रावर असून १९९१ साली त्याची ओळख पटली. वाढीचा आदेश देणारे बीटा-कॅटेनिन नावाचे प्रथिन पेशीत साठू न देणे हे त्याचे प्रमुख कार्य. एपीसीच्या दोन्ही प्रती निकामी झाल्या की बीटा-कॅटेनिन साठते आणि वाढीचा आदेश अखंड चालू राहतो. पेशी परिपक्व होऊन वर सरकण्याऐवजी खळग्यातच विभाजित होत राहते. येथून सूक्ष्म अंकुराचा आरंभ होतो. तो डोळ्यांस दिसत नाही व कोणतेही लक्षण उत्पन्न करीत नाही.

पुढील पायरी बहुधा ‘केरास’ या जनुकाच्या विकृतीची. तिच्यामुळे अंकुराची वाढ वेग घेते. त्यानंतर अठराव्या गुणसूत्राचा अंश नष्ट होणे, आणि शेवटी सतराव्या गुणसूत्रावरील ‘पी-५३’ जनुक निकामी होणे. पी-५३ सदोष पेशीस थांबविते वा नष्ट करविते. ते गेले की दोषयुक्त पेशींवर कसलाच अंकुश उरत नाही. ही सोपानपरंपरा अमेरिकेतील फिअरन व व्होगेलस्टाइन यांनी १९९० साली मांडली. प्रत्येक रुग्णात सर्व पायऱ्या याच क्रमाने घडतात असे नाही. दोषांचा संचय महत्त्वाचा, क्रम त्यामानाने गौण, असे त्यांनीच नमूद केले होते.

सूक्ष्मदर्शकाखालील निरीक्षण मात्र याहून जुने. लंडनच्या सेंट मार्क्स रुग्णालयातील कथबर्ट ड्यूक्स यांनी १९२० च्या दशकातच मलाशयातील साधे अंकुर व कर्करोग यांच्यातील नाते दाखविले आणि १९३२ साली व्याप्तीनुसार अ, ब, क असे वर्गीकरण केले. पुढे त्याच रुग्णालयातील बेसिल मॉर्सन यांनी १९७० च्या दशकात ‘अंकुर ते कर्करोग’ हा क्रम हजारो नमुन्यांच्या आधारे प्रस्थापित केला. कर्करोगाच्या कडेला जुन्या अंकुराचे अवशेष सापडत. मोठ्या अंकुराच्या पोटात कर्करोगाचे बेट सापडे. लहानात ते क्वचितच असे.

व्याख्येचा एक मुद्दा येथे ध्यानात ठेवावा. अंकुरातील पेशी कितीही विकृत दिसल्या, तरी जोवर त्या श्लेष्मल त्वचेच्या खालील स्नायूचा पातळ पडदा भेदून अधःस्तरात उतरत नाहीत, तोवर बृहदांत्राच्या बाबतीत त्यास खरा कर्करोग म्हणत नाहीत. कारण तेथवर रक्तवाहिन्या व लसवाहिन्यांवाटे प्रसार होण्याचा संभव जवळजवळ नसतो. हा पडदा ही सीमारेषा. तिच्या अलीकडे अंकुर काढला की काम संपते. अमेरिकेतील नोंदींनुसार सीमारेषा ओलांडूनही व्याधी आतड्यापुरताच मर्यादित असताना पाच वर्षांचे जीवितप्रमाण सुमारे ९० टक्के असते, तर दूरच्या अवयवांत पसरल्यावर ते १५ टक्क्यांच्या आसपास येते.

कोणता अंकुर धोक्याचा?

सर्व अंकुर कर्करोगात परिणत होत नाहीत, हे रुग्णास सांगताना व स्वतःही समजून घेताना स्पष्ट असावे. ‘अ‍ॅडिनोमा’ या जातीच्या अंकुरांपैकी अगदी थोडे पुढे जातात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकने १९८७ साली एक बोलका अभ्यास प्रसिद्ध केला. कोलोनोस्कोपी सर्वत्र रूढ होण्यापूर्वीच्या काळात ज्या रुग्णांचे एक सेंटिमीटर वा त्याहून मोठे अंकुर काढले गेले नव्हते, अशांचा तो मागोवा होता. त्याच जागी कर्करोग होण्याचे प्रमाण पाच वर्षांत अडीच टक्के, दहा वर्षांत आठ टक्के व वीस वर्षांत चोवीस टक्के निघाले. आज असा अभ्यास करणे नीतीस धरून होणार नाही, म्हणून या आकड्यांचे मोल मोठे.

धोका ठरविणाऱ्या गोष्टी तीन. आकार : पाच मिलिमीटरखालील अंकुरात कर्करोग क्वचितच असतो, एक सेंटिमीटरनंतर संभव वाढतो. रचना : नलिकाकार अंकुर सौम्य, मखमलीसारख्या झालरी असलेला अंकुर अधिक घातक, मिश्र प्रकार मध्यम. तिसरी पेशीविकृतीची तीव्रता. बायॉप्सीच्या अहवालात हे तिन्ही शब्द असतात. रुग्ण तो अहवाल घेऊन आपल्याकडे अर्थ विचारावयास येतो, म्हणून ते वाचता आले पाहिजेत. ‘हायपरप्लास्टिक’ असा उल्लेख असलेला, मलाशयातील बारीक अंकुर सामान्यतः निरुपद्रवी समजावा.

अन्य मार्ग

वर वर्णिलेला मार्ग बहुसंख्य रुग्णांचा असला तरी एकमेव नव्हे. करवतीच्या दात्यांसारखी कडा असलेले, चपटे, बहुधा उजव्या बृहदांत्रातील अंकुर हा दुसरा मार्ग. यात ‘बीराफ’ जनुकाची विकृती व जनुकांवर रासायनिक मोहोर बसून ती निद्रिस्त होणे हे घडते. हे अंकुर फिकट व सपाट असल्याने कोलोनोस्कोपीतही निसटतात. आंत्रशुद्धी अपुरी असेल तर निश्चितच निसटतात. तपासणीपूर्वी रेचन नीट झाले पाहिजे हे रुग्णास पटवून देण्यात आपण साहाय्य करू शकतो. विरेचनाचे महत्त्व आपल्या रुग्णांस निराळे सांगावे लागत नाही.

तिसरा मार्ग कुलज. १८९५ साली अमेरिकेतील एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने पॅथॉलॉजीचे प्राध्यापक वॉर्थिन यांस सांगितले की आपल्या घराण्यातील लोक आतड्याच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाने मरतात व आपणही तसेच मरू. तिचे म्हणणे खरे ठरले. ती गर्भाशयाच्या कर्करोगाने गेली. वॉर्थिन यांनी ते घराणे १९१३ साली प्रसिद्ध केले. पुढे हेन्री लिंच यांनी १९६० च्या दशकात अशा घराण्यांचा अभ्यास केला व व्याधीस त्यांचे नाव मिळाले. येथे दोष असतो तो विभाजनातील चुका दुरुस्त करणाऱ्या जनुकांत. त्यामुळे अंकुर ते कर्करोग हा प्रवास दहा वर्षांऐवजी दोन-तीन वर्षांतही उरकू शकतो. एकूण रुग्णांत यांचे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास. ज्यात बृहदांत्रात शेकडो-हजारो अंकुर उगवतात तो कुलज अंकुरबाहुल्य व्याधी त्याहूनही विरळ. तो एपीसीच्या जन्मजात दोषाने होतो, अंकुर कुमारवयातच उगवू लागतात, आणि बृहदांत्र न काढल्यास चाळिशीच्या सुमारास कर्करोग जवळजवळ अटळ असतो.

चौथा मार्ग दीर्घकालीन शोथाचा. व्रणयुक्त बृहदांत्रशोथ, म्हणजे आपण ज्याची रक्तातिसार, प्रवाहिका किंवा ग्रहणी या सदराखाली चिकित्सा करतो त्यांपैकी काही रुग्ण. येथे सुटा अंकुर न उगवता सपाट श्लेष्मल त्वचाच ठिकठिकाणी विकृत होते, आणि पी-५३ चा दोष शेवटी न येता आरंभीच येतो. व्याधी सुरू होऊन आठ वर्षे झाली की नियमित कोलोनोस्कोपी सुरू करावी असा संकेत आहे. कुटजघनवटी, पर्पटीकल्प किंवा पिच्छाबस्तीने रुग्णास उत्तम उपशय मिळालेला असेल, तरी ही कालगणना थांबत नाही. लक्षणे शांत असणे व श्लेष्मल त्वचा निर्दोष असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

ग्रंथोक्त विचार

आयुर्वेदीय संहितांत हा व्याधी याच नावाने शोधू जाणे उचित नव्हे. काही लेखक तसे करतात व ओढाताण होते. परंतु विचारास उपयुक्त अशी सूत्रे तेथे निश्चित आहेत. सुश्रुताने अर्शाची गणना अष्टमहागदांत केली, त्यास क्षुद्र मानले नाही. चरक व सुश्रुत दोघांनीही सहज अर्श वेगळे काढून त्याचा संबंध बीजदोषाशी जोडला. कुलज अंकुरबाहुल्याची संकल्पना समजून देताना विद्यार्थ्यांस हे साम्य सांगावे, मात्र दोन्ही एकच असे प्रतिपादन करू नये. अर्बुदाच्या वर्णनात सुश्रुत म्हणतो की ते पाकास जात नाही, शेष राहिल्यास पुन्हा वाढते, आणि मर्मस्थानी वा स्रोतसात झालेले असाध्य होय. षट्क्रियाकालाची कल्पना तर येथे अक्षरशः सार्थ ठरते. संचय ते स्थानसंश्रय या कालात रुग्णास जाणवण्यासारखे काही नसते. व्यक्तीभावात रक्त दिसू लागते. भेदावस्थेत आपण त्यास ओळखतो.

सुश्रुताने गुदाचे परिमाण साडेचार अंगुले व त्यातील तीन वली सांगितल्या. अर्शोयंत्राची लांबी चार अंगुले सांगितली. आजचा प्रॉक्टोस्कोप साधारण तेवढाच. त्या यंत्राने गुद दिसते. त्यावरचे मलाशय आणि पुढचे सुमारे दीड मीटर लांबीचे बृहदांत्र दिसत नाही. प्राचीनांनी यंत्राची मर्यादा मापून ठेवली होती. ती ओलांडून निदान करण्याचे धाडस आपण करू नये.

चिकित्सालयात व औषधी दुकानात

डाव्या बृहदांत्राची पोकळी अरुंद, मल घट्ट. तेथील अर्बुद मलाच्या सवयीत बदल, आलटून पालटून मलावष्टंभ व द्रवमल, मलाची बारीक धार ही लक्षणे देते. मलाशयातील अर्बुदात रक्त, आम व शौचानंतरही शेष राहिल्याची भावना. उजव्या बाजूस पोकळी विस्तीर्ण, मल द्रव. तेथे अवरोध फार उशिरा होतो. रक्त मलात मिसळून जाते व दिसत नाही. रुग्ण येतो तो पांडू, दौर्बल्य व श्वास लागण्याची तक्रार घेऊन. चाळिशीपुढील पुरुषात, किंवा रजोनिवृत्त स्त्रीत, लोहाच्या न्यूनतेचा पांडू आढळला तर त्याचे कारण पचनमार्गात शोधल्यावाचून केवळ मंडूर वा लोहकल्प देत राहणे ही गंभीर चूक होय. लोहकल्पाने मल काळा होतो व रक्ताचे काळेपण त्यात झाकले जाते, ही आणखी एक अडचण. उजव्या श्रोणीभागी गोळा हातास लागल्यास आपल्या प्रदेशात आंत्रक्षय व अमीबाजन्य गाठ यांचाही विचार करावा लागतो. तेथे अनुमानाने महिनोन्‌महिने चिकित्सा करण्यापेक्षा बायॉप्सी घेतलेली बरी.

रक्तस्रावाच्या प्रत्येक रुग्णात पहिल्याच भेटीस अंगुलीपरीक्षण करावे. तेही यंत्र घालण्यापूर्वी. रुग्ण संकोचतो, विशेषतः स्त्रिया. त्यासाठी घरातील स्त्रीस सोबत घ्यावे, परंतु परीक्षण टाळू नये. चार ते सहा आठवड्यांच्या चिकित्सेनंतर रक्त पुन्हा दिसले, वजन घटले, मलाची सवय बदलली, पांडू आढळला किंवा घराण्यात असा इतिहास निघाला, तर कोलोनोस्कोपीसाठी पाठवावे. क्षारसूत्र वा क्षारकर्मासाठी आलेल्या चाळिशीपुढील रक्तस्रावी रुग्णासही तोच नियम मी आता लावतो. काही रुग्ण नाराज होऊन दुसरीकडे जातात. जाऊ द्यावेत.

औषधी दुकानदार बंधूंस एक विनंती आहे. मूळव्याधीच्या गोळ्या व मलम एकदा नेले, दुसऱ्यांदा नेले, तिसऱ्यांदा तोच माणूस आला, तर ‘तपासून घेतले का?’ एवढा एक प्रश्न विचारावा. सारकांच्या बाबतीतही तेच. पन्नाशीच्या माणसाने आयुष्यात प्रथमच रोज सोनामुखीचे चूर्ण मागू लागणे हे गिऱ्हाईक वाढल्याचे चिन्ह नसून लक्षण असू शकते. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातीस १९५४ च्या औषधी व चमत्कारी उपचार कायद्याने मनाई आहे. दुकानात टांगावयास मिळालेली आकर्षक पत्रके त्या दृष्टीने वाचून पाहावीत.

औषधींविषयी वारंवार विचारले जाते म्हणून दोन शब्द. हळदीतील कर्क्युमिनने कुलज अंकुरबाहुल्यात अंकुर कमी झाल्याचा वृत्तांत २००६ साली आला तेव्हा आपल्या वर्तुळात मोठा आनंद झाला होता. तो अभ्यास पाच रुग्णांचा होता व कर्क्युमिनसोबत क्वर्सेटिन हे दुसरे द्रव्यही दिलेले होते. त्याच संशोधकांनी २०१८ साली ४४ रुग्णांत रोज तीन ग्रॅम केवळ कर्क्युमिन वर्षभर देऊन, नियंत्रित पद्धतीने परीक्षण केले. अंकुरांच्या संख्येत वा आकारात लक्षणीय फरक पडला नाही. पहिला वृत्तांत आजही व्याख्यानांत सांगितला जातो, दुसरा सांगितला जात नाही. हे आपल्या शास्त्रास शोभत नाही. कुमारीच्या अखंड पानाच्या अर्काने उंदीरवर्गीय प्राण्यांत बृहदांत्रात अर्बुदे झाल्यामुळे जागतिक आरोग्य संघटनेच्या उपर्युक्त संस्थेने त्यास संभाव्य कर्करोगकारक गटात ठेवले आहे. मनुष्यांत तसा पुरावा नाही. तथापि कुमारीयुक्त सारके वर्षानुवर्षे चालू ठेवण्याचे समर्थन कोणत्याही अंगाने होत नाही. आहाराविषयी जे निश्चित आहे ते थोडे : प्रक्रिया केलेले मांस, मद्य, तंबाखूचे धूम्रपान व स्थौल्य यांनी धोका वाढतो, तंतुयुक्त धान्य व शारीरिक श्रम यांनी घटतो. बाजरीची भाकरी सोडू नये हा सल्ला देण्यास आपणांस कोणत्याही परदेशी शोधनिबंधाची गरज नव्हती, पण तो आता उपलब्ध आहे.

अंकुर काढल्याने काय साधते?

अमेरिकेतील राष्ट्रीय अंकुर अभ्यासात १४१८ रुग्णांचे अ‍ॅडिनोमा कोलोनोस्कोपीने काढण्यात आले. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांच्यात कर्करोगाचे प्रमाण अपेक्षेहून ७६ ते ९० टक्क्यांनी कमी आढळले. २०१२ साली, अधिक काळाच्या पाठपुराव्यानंतर, या कर्करोगाने होणारे मृत्यू निम्म्याहून कमी झाल्याचे दिसले. त्याच १९९३ साली मिनेसोटा येथील अभ्यासाने मलातील अदृश्य रक्ताच्या वार्षिक तपासणीने मृत्यू एकतृतीयांश घटतात असे दाखविले. ही तपासणी स्वस्त आहे. जुन्या पद्धतीत मांस व कच्चा मुळा यांमुळे दिशाभूल होई. मानवी हिमोग्लोबिनच ओळखणाऱ्या नव्या पद्धतीत तो दोष नाही.

आपल्या देशात २०१६ साली सुरू झालेल्या सामूहिक तपासणी कार्यक्रमात मुख, स्तन व गर्भाशयमुख यांचा समावेश झाला, बृहदांत्राचा नाही. व्याधीचे अल्प प्रमाण व कोलोनोस्कोपीची अपुरी सोय पाहता तो निर्णय समजण्यासारखा आहे. परंतु त्याचा अर्थ असा की अंकुरावस्थेत कोणी शोधत येणार नाही. लक्षण घेऊन आलेल्या रुग्णाकडे पहिल्या वैद्याने कसे पाहिले यावरच सारे अवलंबून राहणार. बार्शीच्या नोंदणीचा एक अनुभव येथे सांगण्याजोगा आहे. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणांविषयी लोकांशी बोलत. एवढ्याने त्या भागातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा आरंभीच्या अवस्थेत येऊ लागल्याचे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. हाती ना यंत्र होते ना औषध. केवळ बोलणे होते. खर्चाची भीती घालणाऱ्या रुग्णास महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रकर्मांचा समावेश आहे हेही सांगावे. सटाण्याहून नाशिक सुमारे नव्वद किलोमीटर; रुग्णाच्या मनात ते अंतर त्याहून पुष्कळ अधिक असते.

प्रथम श्रेणीच्या नातलगांविषयी राहिले. ज्याच्या आई, वडील, भाऊ वा बहिणीस हा कर्करोग झाला, त्याने वयाच्या चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातलगाचे निदान झाले त्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांपैकी जे अगोदर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी करून घ्यावी.

आरंभी उल्लेखिलेल्या रुग्णाच्या घरी मी स्वतः गेलो व हे समजावून सांगितले. धाकटा भाऊ अडतीस वर्षांचा, कोणतीही तक्रार नाही. “दुखत नाही, खुपत नाही, कशाला जाऊ?” असे म्हणत त्याने डाळिंबाचा हंगाम संपेपर्यंत टाळले, अखेर वहिनीच्या आग्रहाने गेला. दोन अंकुर निघाले. एक चार मिलिमीटरचा, दुसरा बारा मिलिमीटरचा, मिश्र रचनेचा, तीव्र विकृती नसलेला. दोन्ही त्याच बैठकीत काढले गेले व तो दुसऱ्या दिवशी मळ्यात होता. तीन वर्षांनी पुन्हा तपासणी सांगितली आहे. ती तारीख मी माझ्या वहीत लिहून ठेवली आहे. त्यांची बहीण मालेगावी असते. ती अद्याप गेलेली नाही.